घराचा फोन बंद करताना

लातूरच्या आमच्या घरातला लँडलाईन आम्ही मागच्या दिवाळीनंतर बंद केला. तेव्हापासून नात्यातली मंडळी चौकशी करतात. कागदं काय लागली, डिपॉझिट परत मिळालं का, आणि सगळ्यात आधी, "आत्याबाईंनी करू कसा दिला?" आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढं. त्या फोनवर या घरात त्यांच्याइतका हक्क कुणाचाच नव्हता, तेव्हा लोक आधी हेच विचारणार.

कागदांचं काम सोपं आहे, ते पुढं सांगते. अवघड काम त्याच्या आधीचं आहे. ते न करता नुसता अर्ज देऊन मोकळं होणाऱ्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांची मला काळजी वाटते, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडं फोन आला 1996 साली. पण तो का आला हे कळायला आणखी मागं जावं लागतं. मी तेव्हा या घरात आलेली नव्हते. हे आत्याबाईंकडून आणि थोरल्या नणंदबाईंकडून ऐकलेलं. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा निजलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातुरात आमचं घर हादरलं, मधल्या भिंतीला तडा गेला, माणसं वाचली. मामा, म्हणजे माझे सासरे, औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक होते. किल्लारी त्याच तालुक्यातली. त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं त्या गावांतली. उजाडताच मिळेल त्या वाहनानं ते तिकडं निघून गेले.

इकडं ताई, म्हणजे थोरल्या नणंदबाई, पुण्यात. रेडिओवर बातमी लातूर-उस्मानाबादची, आकडा हजारांत. माहेरी फोन नाही. होता तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानाचा पीपी नंबर. त्या काळी लग्नपत्रिकेतसुद्धा असे नंबर छापायचे, पुढं 'पीपी' लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. ताई एसटीडी बूथवर गेल्या तर तिथं रांग, आणि रांगेत सगळे आपल्याच भागातले. लातूरचा नंबर कुणालाच लागेना. लागला तेव्हा दुकानात कुणी उचलेना, कारण लोक घरात शिरायलाच भीत होते, मैदानात निजत होते. दुकान उघडून बसणार कोण? घरची माणसं सुखरूप आहेत हे ताईंना शेवटी कळलं ते मदत घेऊन आलेल्या आणि परत पुण्याला गेलेल्या एका माणसाच्या तोंडून. आत्याबाई अजून म्हणतात, "पोरगी तिकडं रडलालती, आन आमी हितं जित्ते हाव, येवढं सांगायला काय साधन न्हवतं."

मामांनी त्यानंतर फोनसाठी अर्ज केला. तेव्हा प्रतीक्षा यादी असायची आणि नंबर लागला की डिमांड नोट यायची, मग पैसे भरायचे. फोन आला तो बैठकीच्या दिवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, बसला. आत्याबाईंनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल विणून घातला. पाच आकडी नंबर होता. पुढं सगळ्याच नंबरांच्या आधी 2 लागला आणि तो सहा आकडी झाला. 02382 आणि त्यापुढचे सहा आकडे एवढंच आमच्या घराचं नाव होतं बाहेरच्या जगात. नंबर मामांचा नव्हता, आत्याबाईंचा नव्हता, घराचा होता. कुणीही लावावा, घरातल्या कुणीही उचलावा, आणि उचलणाऱ्यानं विचारावं, "कोण पाहिजे?"

मी लग्न होऊन आले 1998 साली. माझं माहेर सेलू, परभणी जिल्हा. दादा, माझे वडील, रात्री अकरानंतर फोन करायचे, कारण अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. अकराला घरातलं कुणी निजलेलं नसायचं. बैठकीत मामा, दीर, ह्यांचे मित्र. मी रिसीव्हर कानाला लावायची आणि म्हणायची, "बरंय. सगळं बरंय. तुमची तब्येत?" दादा विचारायचे, "सुखात हायेस ना?" त्यावर मी "हो" म्हणायची. सुखात होतेच, पण नसते तरी तिथं उभं राहून दुसरं काही बोलता आलं नसतं. आमच्या पिढीच्या बायकांना हे सांगायची गरज नाही. हातात मोबाईल आल्यावर गच्चीवर जाऊन आईशी पहिल्यांदा तासभर बोलले, तो दिवस मला लख्ख आठवतो. म्हणून लँडलाईनच्या आठवणी काढून जी मंडळी हळहळतात त्यांच्यात मी नाही. तो फोन बैठकीचा होता. स्वयंपाकघराचा कधीच नव्हता.

देशातला मोबाईलवरचा पहिला कॉल झाला 31 जुलै 1995 ला, म्हणजे आमचा लँडलाईन येण्याच्याही आधी. पण मोबाईलवर आलेल्या कॉललासुद्धा पैसे पडत होते तोवर आमच्यासारख्या घरांना तो परवडणारा नव्हता. 1 मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं आणि पुढच्याच वर्षी ह्यांनी पहिला मोबाईल घेतला. मग दिराचा आला, माझा आला, मुलं कॉलेजला गेली तसे त्यांचे आले.

तरी लँडलाईन राहिला. एक कारण आत्याबाई आणि दुसरं लोडशेडिंग. आमच्याकडं दिवसदिवस लाईट नसायची त्या वर्षांत मोबाईल चार्जिंगअभावी मान टाकायचे, आणि थोड्या वेळानं टॉवरची बॅटरी संपली की रेंजही जायची. लँडलाईन तेवढा चालू. त्याला घरातली वीज लागतच नाही. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा 48 व्होल्टचा पुरवठा त्याच तांब्याच्या जोडतारेतून येतो आणि घंटी वाजवायला लागणारा दाबही तिकडूनच. मामांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा अंधारात मी तोच फोन चाचपडत लावला होता. डॉक्टर आले. मामा त्यानंतरही अनेक वर्षं होते. हे मी त्या फोनचं ऋण मानते.

मग बंद का केला? गल्लीत गटारीचं काम निघालं, खोदताना केबल तुटली, जोड दिला, पण पहिल्या पावसात जोडात पाणी शिरलं. कानात नुसती खरखर. पलीकडचं माणूस काय बोलतं ते आत्याबाईंना कळेना. जमिनीखालच्या जुन्या केबलचं असंच असतं. एकदा जोडाजोडी सुरू झाली की दर पावसाळ्याला नवी जागा निघते. आमच्याकडं वर्षानुवर्षं येणारे लाईनमन होते. डीपीच्या, म्हणजे गल्लीतल्या तारा जोडायच्या, डब्यात कोणती जोडी आमची हे त्यांना न बघता ठाऊक. जानेवारी 2020 च्या शेवटी देशभरात बीएसएनएलचे 78 हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले, त्यांच्यात तेही होते. निवृत्तीनंतरही वाटेत भेटले की विचारायचे, "फोन बरा हाय का?"

आणि 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून कुठल्याही मोबाईलला लावताना आधी शून्य लावायचा नियम आला. आत्याबाईंच्या डायरीतले बहुतेक नंबर एव्हाना मोबाईलचेच झालेले. माझ्या धाकट्या मुलीनं बसून लाल पेनानं एकेका नंबराआधी शून्य काढून दिला. तरी मधूनच विसर पडायचा, आणि रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून त्या म्हणायच्या, "नंबर बंद केला वाटतं तिनं."

फायबर घ्यायचा पर्याय आम्हाला सुचवला गेला. त्यात जुना नंबर तसाच राहू शकतो आणि आवाजही स्वच्छ येतो. ज्यांच्या घरी वायफाय लागतंच त्यांनी हाच मार्ग घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडं मुलं बाहेरगावी, आमचं काम मोबाईलच्या डेटावर भागतं. आणि फायबरच्या डब्याला घरातली वीज लागते, म्हणजे ज्या गुणासाठी लँडलाईन ठेवला तोच जातो. नंबर तसाच मोबाईलच्या सिमवर नेता येईल का, हेही ह्यांनी विचारून पाहिलं. तशी सोय आपल्याकडं नाही. नंबर न बदलता कंपनी बदलणं मोबाईलमधून मोबाईलमध्येच होतं. दुकानदारांना मात्र एक सांगते: व्हॉट्सॲपचं व्यापाऱ्यांसाठीचं ॲप लँडलाईनच्या नंबरावर सुरू करता येतं, पडताळणीचा कोड फोनवर बोलून सांगितला जातो. लातूरच्या गोलाई बाजारपेठेत ज्यांचे नंबर तीस वर्षं पाटीवर रंगवलेले आहेत त्यांनी घाईनं फोन काढू नये.

आत्याबाईंपुढं विषय काढला तेव्हा त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फोन काढून काय करलालाव तुमी? उंद्या येळवशीला गावाकडून फोन आला तर घरात कुनी न्हाई म्हणल्यावानी होईल की." येळवशी म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण.

तुमचे सगळ्यांचे मोबाईल आहेत की, असं दीर म्हणाले. मला ते पटलं नाही. मोबाईल ह्यांचा आहे, माझा आहे. आत्याबाईंच्या मावसबहिणीला त्यांच्याशी बोलायचं असेल तर तिनं ह्यांना ऑफिसात फोन करायचा, हे सांगणार "संध्याकाळी घरी गेलो की लावून देतो", आणि संध्याकाळी विसरणार. येळवशीला शेतात कोण कोण येणार, आंबील किती करायची, महालक्ष्म्यांचं आवतण, कुणाचं बाळंतपण, ह्या सगळ्या गोष्टी आत्याबाईंपर्यंत थेट येत होत्या. आता त्या मुलाच्या सवडीनं येणार. ज्या बाईनं एवढं घर चालवलं तिला स्वतःच्या बहिणीशी बोलायला मुलाच्या खिशातून परवानगी, हे मला मान्य नव्हतं. मी माझ्या वडलांशी बैठकीत सगळ्यांसमोर बोललेली बाई आहे. कुणाचं बोलणं दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

म्हणून मी ठरवलं, घराला नंबर राहील. फक्त तो सिमचा असेल.

आधी साधा बटणांचा मोबाईल आणला. अक्षरं मोठी, आवाज मोठा. पण आत्याबाईंची बोटं संधिवातानं वाकलेली. हिरवं बटण दाबायचं की लाल, हे वाजत्या फोनच्या घाईत ठरत नव्हतं. शिवाय तो हलका. उशीखाली जायचा, देवघरात राहायचा, चार्जिंगला लावायचा विसर पडायचा. मग धाकटीनं शोधून काढला सिम घालायचा टेबलफोन. दिसायला हुबेहूब जुन्यासारखा, वळणावळणाची वायर, रिसीव्हर उचलला की बोलायचं, ठेवला की बंद. आत बॅटरी, लाईट गेली तरी काही तास चालतो. घेणाऱ्यांनी एवढं बघावं: यातले पुष्कळ फोन टूजीचे असतात आणि काही कंपन्यांची सिम फक्त फोरजीवर चालतात, ती यात बसवून उपयोग नाही. सिम कोणतं घालणार ते आधी ठरवा, मग फोन घ्या. आणि घरात ज्या जागी फोन ठेवणार तिथं रेंज किती येते ते त्याच कंपनीचं सिम दुसऱ्या मोबाईलात घालून पाहा. आमच्या जुन्या घराच्या भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. दिवळीत रेंज अर्धी यायची, म्हणून फोन खिडकीशेजारच्या तिपाईवर ठेवावा लागला.

सिम आत्याबाईंच्याच आधारवर घेतलं. दुकानात अंगठा उमटेना. आयुष्यभर भांडी घासून, शेतात खुरपून रेषा झिजलेल्या. दुकानदारानं फोटो काढून पडताळणी करणारी पद्धत वापरली तेव्हा काम झालं.

यात एक काळजी मी मुद्दाम घेतली आणि सगळ्यांना घ्यायला सांगते. घराच्या या फोनचा नंबर बँकेला दिला नाही. आत्याबाईंना मामांच्या मागं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्या खात्याला ह्यांचा मोबाईल जोडलेला आहे. त्यामुळं कुणी गोड बोलून ओटीपी मागितला तरी आत्याबाईंकडं सांगायला ओटीपी येतच नाही. तिपाईच्या वर भिंतीवर 112 आणि 1930 हे दोन नंबर मोठ्या आकड्यांत लावले. पहिला तातडीच्या मदतीचा, दुसरा ऑनलाईन फसवणूक झाली तर कळवायचा.

आता जुना नंबर कुठं कुठं दिलेला आहे ते काढायचं. बँक, विमा, घरपट्टी, गॅस. गॅसचं बुकिंग आम्ही लँडलाईनवरूनच करायचो, पण हल्ली सिलेंडर देताना मोबाईलवर आलेला कोड विचारतात, तेव्हा ते आधीच बदललेलं होतं. ही सगळी ठिकाणं चटकन उरकली. माणसांना कळवणं मात्र सगळ्यात जास्त दिवस चाललं, आणि ते मी घाई न करता चालू दिलं.

आत्याबाई म्हणाल्या, मी स्वतः सांगणार. रोज दुपारी जेवण झाल्यावर डायरी घेऊन बसायच्या. नंबर मी लावून द्यायची, बोलायच्या त्या. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, परळी. जुन्या फोनवर खरखर होती म्हणून नव्या फोनवरूनच लावायचं ठरवलं, म्हणजे समोरच्याकडं नंबरही उमटेल. "मी बोललाले, लातूरची. हा घरचा नवीन नंबर हाय बरं का, लिहून घे." मग गप्पा. एका बाईशी त्यांचं बोलणं बंद होतं, शेताच्या बांधावरून झालेलं जुनं काहीतरी. तिचंही नाव डायरीत आलं. आत्याबाईंनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "लाव." त्या दुपारी चहाला उशीर झाला. काही नंबर अस्तित्वात नव्हते. काही ठिकाणी पोरांनी उचललं आणि माणूस गेल्याचं सांगितलं. आत्याबाई त्या नावावर काट मारत नसत, बाजूला एक बारीक टिंब द्यायच्या. मामांच्या शिक्षक मित्रांना ह्यांनी कळवलं. महालक्ष्म्यांपासून दिवाळीपर्यंत जुना फोन वाजला की आम्ही उचलून नवा नंबर सांगत राहिलो. जुन्यावर येणारे फोन हळूहळू थांबले. नवा वाजायला लागला. मग अर्ज दिला.

कागदांचं असं. जोडणी मामांच्या नावावर होती आणि मामा नाहीत, म्हणून आधी ती वारसाच्या, म्हणजे आत्याबाईंच्या नावावर करावी लागली. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं म्हणजे ताई, हे आणि दीर यांचं ना-हरकत पत्र, ओळखीचा पुरावा. ताईंनी पत्र पोस्टानं पाठवलं. मग बंद करण्याचा अर्ज, शेवटचं बिल भरल्याची पावती, फोनचा संच जमा केल्याची पावती, रद्द केलेला धनादेश, आणि डिपॉझिट भरल्याचा कागद. हा शेवटचा कागद लोकांकडं सहसा नसतो. नसेल तर बंधपत्र करून द्यावं लागतं, असं खिडकीवर सांगितलं. आमच्याकडं तो निघाला. मामांनी मूळ डिमांड नोट आणि पावती एका फायलीत दोऱ्यानं बांधून ठेवलेली, आणि तिच्याच खाली 1993 साली केलेल्या अर्जाची कार्बन कॉपी. अर्जात कारणाच्या जागी मामांच्या वळणदार अक्षरात होतं: 'भूकंपप्रसंगी परगावच्या मुलीस कुशल कळविता आले नाही.' ती प्रत मी अर्जाला जोडली नाही, घरी ठेवून घेतली. ताई पुढच्या वेळी आल्या की त्यांना देणार आहे. डिपॉझिट शेवटच्या बिलाचा हिशोब होऊन आत्याबाईंच्या खात्यात जमा झालं. त्यांनी ते गावच्या देवळाच्या भंडाऱ्याला दिलं.

एक गोष्ट लँडलाईनवाल्यांच्या ध्यानात येत नाही. लँडलाईनचं बिल मागाहून यायचं आणि थोडा उशीर झाला तरी फोन वाजत राहायचा. प्रीपेड सिमचं तसं नाही. वैधता संपली आणि रिचार्ज केलं नाही, तर बाहेरून येणारे फोनही बंद होतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते कळणारही नाही, ते आपलं वाट बघत बसणार. म्हणून या फोनचं रिचार्ज मी माझ्याकडं घेतलंय. दिनदर्शिकेवर तारखेच्या चार दिवस आधी खूण करते, आणि मी माहेरी असले तर धाकटी तिकडून करते. येळवशीच्या आदल्या आठवड्यात एक तारीख येते, ती आम्ही आधीच भरून ठेवली आहे.